हळद आपली, मग पेटंट कुणाचं?

भाजी चिरताना बोट कापलं, की घरात पहिली हाक काय येते? "अगं, हळद दाब त्यावर!" आजची गोष्ट या चिमूटभर हळदीची. ती एकदा थेट अमेरिकेच्या पेटंट ऑफिसात पोचली होती.

झालं असं. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला अमेरिकेत एक पेटंट मिळालं. कशावर? जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर! आणि गंमत बघा, ज्यांच्या संशोधनावर ते मिळालं, ते दोघं मूळचे भारतीयच.

तुम्ही म्हणाल, हे तर आमच्या आजीलाही माहीत होतं. बरोबर. पेटंट नव्या शोधालाच मिळतं. पण एखादी गोष्ट जुनी आहे हे ठरवताना, परदेशात नुसतं वापरात असलेलं, तोंडी चालत आलेलं ज्ञान तेव्हाचा अमेरिकन कायदा धरतच नव्हता. छापील पुरावा हवा. म्हणजे कोट्यवधी आज्या एका बाजूला आणि एक कागद दुसऱ्या बाजूला!

तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत वाढलेले. १९९६ मध्ये संस्थेने या पेटंटला आव्हान दिलं. मग सुरू झाली कागदांची शोधाशोध. संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथ चाळले गेले. एकूण ३२ संदर्भ जमले. त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ चा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

पण दर वेळी असं धावत कोण सुटणार? म्हणून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी सुरू झाली. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतली औषधं इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानीत मांडली गेली, म्हणजे परदेशातल्या पेटंट तपासनिसांना ती वाचता येतील.

एक मात्र नीट ऐका. ही केस 'हे ज्ञान जुनं आहे का' एवढ्याच प्रश्नाची होती. हळदीने सगळं बरं होतं, असं काही तिथे ठरलं नाही. 'पी हळद नि हो गोरी' असं कधीच नसतं. जखम खोल असेल तर सरळ डॉक्टरकडे जा.

आणि ग्रंथांत होतं ते वाचलं, पण जे फक्त आजीच्या तोंडी आहे त्याचं काय? मोबाइल हातातच आहे. तिला विचारा, रेकॉर्ड करा. आणि हो, कागदावरही उतरवून ठेवा.