सोलांचा इतिहास

वैशाख सरत आला की पेडणे व डिचोली या तालुक्यांतील घरांच्या अंगणांत तांबड्या सालींची वाळवणे दिसू लागतात. भिरंड, म्हणजे रत्नागिरीकडचा रातांबा, पिकते ते नेमके पावसाच्या तोंडावर. फळ रसाळ, थोडे दिवस राहिले तरी नासावयाचे. तेव्हा पाऊस कोसळण्यापूर्वी त्याला टिकाऊपणा कसा द्यावा, हा या फळाच्या इतिहासातील मूळ प्रश्न होय. आणि आजच्या कारखान्यांपुढेही प्रश्न तोच आहे.

त्याचे घरगुती उत्तर फार जुने आहे. फळ फोडून गर व बिया वेगळ्या करावयाच्या. साल उन्हात वाळवावयाची. मीठ घातलेल्या रसात ती पुनःपुन्हा बुडवावयाची आणि पुन्हा वाळवावयाची. अशी पुटे दिली की साल काळसर व मऊ होते, तेच सोल. खारवलेला रस म्हणजे आगळ. मिठासाठी पेडण्याला दूर जावयाचे कारण नव्हते. आगरवाड्याची मिठागरे तालुक्यातच आहेत. बियाही वाया जात नसत. त्या कुटून पाण्यात उकळल्या की स्निग्धांश वर येई. निवल्यावर मुठीत दाबून त्याचे गोळे वळीत. हे भिरंडेल म्हणजे भेगाळलेल्या टाचांवरचे हुकमी औषध.

या फळाची नोंद छापील ग्रंथात झाली ती गोव्यातच. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात ‘ब्रिंडांव’ नावाच्या आंबट, रक्तवर्ण फळाचे वर्णन केले असून, शिरका करण्यासाठी त्याच्या साली पोर्तुगालला नेल्या जात असल्याचेही सांगितले आहे. हे नाव म्हणजे भिरंड या शब्दाचेच पोर्तुगीज रूप. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेले. म्हणजे राज्यकर्ते पोहोचण्याच्या दोन शतके आधी या मुलखात ओळखीचे असलेले हे फळ त्यांच्या पुस्तकात जाऊन बसले होते.

सोलांत नेमके आहे काय, याचा उलगडा मात्र विसाव्या शतकात झाला. १९६५ मध्ये लुईस व नीलकंठन या भारतीय संशोधकांनी भिरंडाचे भावंड असलेल्या केरळातील कुडमपुळीमधील मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असल्याचे दाखविले. भिरंडाच्या सालीतही ते असते. शरीरात चरबी तयार होण्याच्या क्रियेतील एका विकराला हे आम्ल अडविते, असे १९६९ मध्ये अमेरिकेतील प्रयोगांत आढळले. झाले! बाजाराने ते आम्ल फळातून वेगळे काढले, कुपीत भरले आणि मेद झडविण्याचे औषध म्हणून विकावयास आरंभ केला. परंतु १९९८ मध्ये १३५ स्थूल व्यक्तींवर बारा आठवडे केलेल्या चाचणीत, हा अर्क घेणाऱ्यांचे वजन नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक उतरले नाही. पुढे अशा काही मिश्रणांनी यकृताला इजा झाल्याचेही नोंदले गेले. जे सोल कढीत घालून पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्तपणे खाल्ले गेले, त्यातील एकच अंश काढून मोठ्या मात्रेत घेणे ही अगदी निराळी गोष्ट ठरली.

याचा अर्थ यंत्रविद्या निरुपयोगी, असा मुळीच नव्हे. सोलाचा लाल रंग अँथोसायनिन या द्रव्यांचा. ती आम्लात टिकतात, पण उष्णता व प्रकाश यांनी क्षीण होतात. उन्हात दिवसचे दिवस वाळविताना रंग उतरतो आणि अवेळी पाऊस आला तर बुरशी धरते. बंदिस्त वाळवणीयंत्रातील मंद उष्णता हे दोन्ही दोष टाळू शकते. टाचांना लावावयाच्या भिरंडेलाचे भाग्य तर याहून विलक्षण. त्याची घडण कोकोच्या लोण्याशी मिळतीजुळती. म्हणून २००० साली युरोपीय संघाने चॉकलेटमध्ये मर्यादित प्रमाणात चालतील अशी जी सहा वनस्पतिजन्य स्निग्धद्रव्ये मान्य केली, त्यांत कोकमाचा समावेश झाला.

तथापि अर्क असो वा चॉकलेट, आधी झाड हवे. भिरंडात नर व मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून वाढविलेल्या रोपांतील निम्मी बहुधा नर निघतात आणि ते कळावयास अनेक वर्षे जातात. मादी झाडाच्या काडीवरून बांधलेली कलमे हा त्यावरील उपाय. पण कलम लावण्यास जमीन लागते. डिचोलीचे डोंगर लोहखनिजासाठी दशकानुदशके खणले गेले. पेडण्यातील मोपाच्या पठारावर २०२२ मध्ये विमानतळ उभा राहिला. भिरंडाची झाडे बहुतांशी कोणी मुद्दाम न लावता रानांत व कुळागरांत वाढलेली. जे कोणी लावले नाही, त्याचा हिशेबही सहसा कोणी ठेवीत नाही. आणि ज्याचा हिशेब नाही ते पहिल्याने तुटते.

ऑर्ताच्या काळी साल जहाजाने जाई, आज अर्क विमानाने जाईल. पण मोल वाढते ते फळ निघून गेल्यावर, आणि निवडण्या-फोडण्याचे कष्ट उरतात अंगणात. नव्या यंत्रविद्येने त्या अंगणाला त्याचा वाटा दिला, तर वैशाखात गळून पडलेले भिरंड पावसाच्या पाण्यात वाहून जावयाचे नाही.