टॉर्चचा सेल ते लिपो, व्हाया डोंगरी बुजुर्ग

लिपो बॅटरीचा विषय निघाला की आम्ही आयटीवाले लगेच व्होल्ट-अँपिअरवर घसरतो. मी आज सुरुवात करतो ती तुमसरपासून!

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मॅंगनीजच्या खाणी आहेत. १८९६ साली एका ब्रिटिश सिंडिकेटने मध्य प्रांतात मॅंगनीजचा उद्योग सुरू केला. १९६२ साली सरकारच्या ५१ टक्के भागीदारीतून आजची 'मॉइल' उभी राहिली आणि १९७७ साली ती पूर्ण सरकारी झाली. मॅंगनीज मुख्यतः जातं पोलादाला. पण डोंगरी बुजुर्गची ओळख जरा वेगळी. इथलं मॅंगनीज डायऑक्साइड ड्राय बॅटरीसाठी वापरलं जातं.

म्हणजे काय, तर १८६६ साली लक्लांशे नावाच्या फ्रेंच माणसाने जस्त, नवसागर आणि मॅंगनीज डायऑक्साइड एकत्र आणून सेल बनवला. आपल्या टॉर्चमधला, रेडिओतला सेल हा त्याचाच वंशज. फोडला तर आत जी काळी पूड निघते, तिच्यात हेच मॅंगनीज आणि कार्बन.

हा सेल भलताच सोशिक. संपत आला की आजोबा तो उन्हात ठेवायचे आणि रेडिओ आणखी थोडा वेळ चालायचा. यात जादू नाही, उष्णतेने आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते, एवढंच. कपाटात वर्षभर विसरला तर फार तर पाझरून टॉर्च खराब करायचा.

गोची इथेच आहे. बॅटरी बदलली, पण आपल्या सवयी त्याच सेलच्या राहिल्या.

१९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. ड्रोन आणि आरसी विमानातली लिपो त्याच घराण्यातली. हिच्यात नवसागराच्या पाण्याऐवजी पेट घेणारं सेंद्रिय द्रावण असतं. जास्त चार्ज झाली किंवा फार तापली की कॅथोडमधून ऑक्सिजन सुटू शकतो. इंधन आत, ऑक्सिजनही आत! मग ती आग आवरणं कठीण.

म्हणून नियम थोडे, पण कडक:

- एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर नेऊ नका, ३ च्या खाली उतरू देऊ नका. लिपोचाच बॅलन्स चार्जर वापरा.
- वेगळं काही लिहिलं नसेल तर १सी ने चार्ज करा. २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर.
- चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर. गादीवर नाही, रात्री झोपताना तर नाहीच.
- आठवडाभर उडवणार नसाल तर सेलमागे साधारण ३.८ व्होल्टवर ठेवा.
- उडवून आणलेली गरम बॅटरी आधी थंड होऊ द्या. विदर्भातल्या मे महिन्यात ती बंद गाडीत ठेवणं म्हणजे आजोबांचा उन्हाचा प्रयोग लिपोवर करणं!
- फुगलेली बॅटरी टोचू नका, वापरूही नका. आत गॅस झालेला असतो. ती ओल्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे न देता ई-कचरा संकलन केंद्रात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

गंमत म्हणजे मॅंगनीज अजून संपलेलं नाही. १९८३ साली थॅकरे आणि गुडइनफ यांनी मॅंगनीजचा लिथियम कॅथोड दाखवला. तो कोबाल्टच्या मानाने उष्णतेला जास्त टिकतो. आज अनेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीत निकेल-कोबाल्टसोबत मॅंगनीज असतं.

असो. या विकेंडला ड्रोन काढाल, तेव्हा आधी बॅटरी फुगली आहे का ते बघा. मग उडवा.