रेइस, मारिया फिर्मिना दोस
(१८२२–१९१७). ब्राझीलमधील गुलामीविरोधी कादंबरीकार व शिक्षिका. जन्म मारान्याव प्रांतातील साऊँ लुईस येथे. १८४७ मध्ये परीक्षा उत्तीर्ण होऊन त्या गिमाराइस गावच्या सरकारी शाळेत शिक्षिका झाल्या. त्यांची उर्सुला ही कादंबरी १८५९ मध्ये निघाली; मुखपृष्ठावर नाव नव्हते, फक्त ‘एक मारान्यावकरीण’ एवढेच होते. कथानक प्रेमाचे, पण पुस्तकाचा प्राण आहे सुझाना ही वृद्ध गुलाम स्त्री. आफ्रिकेत शेतावर गेली असताना ती पकडली जाते, लेक घरीच राहते. जहाजाच्या तळाशी कोंडून काढलेले तीस दिवस, पाण्याचे हाल, डोळ्यांदेखत मरणारे सोबती हे सारे ती स्वतःच्या तोंडाने सांगते. गुलामांची कीव करणारे लेखक पुष्कळ होते. त्यांना बोलू देणारे फार थोडे. हेच फिर्मिनांचे खरे मोठेपण.

१८८० च्या सुमारास त्यांनी मुलामुलींना एकत्र शिकवणारी मोफत शाळा काढली. ती फार काळ टिकली नाही. ‘आ एस्क्रावा’ (गुलाम स्त्री) ही कथा १८८७ ची. पुढच्याच वर्षी ब्राझीलमध्ये गुलामी कायद्याने संपली. अखेरीस त्या अंध व निर्धन होत्या. विस्मृतीत गेलेली उर्सुला १९६२ मध्ये ओरासिओ दे आल्मेइदा या इतिहासकारांना सापडली आणि १९७५ मध्ये पुन्हा छापली गेली. फिर्मिनांचे एकही खात्रीचे छायाचित्र उपलब्ध नाही.