मुरूम, काळे डाग आणि रेटिनॉइड क्रीमचा इतिहास

मुरुमांसाठी रात्री लावायला दिलेल्या क्रीमने चेहरा लाल झाला, सोलला, म्हणून तुम्हीही आठवडाभरात ट्यूब बाजूला ठेवली आहे का? ही तक्रार या औषधाइतकीच जुनी आहे.

केसाच्या मुळाशी तेल आणि मृत पेशींचा बूच बसला की मुरूम सुरू होतो. ‘अ’ जीवनसत्त्वापासून मिळणारे ट्रेटिनॉइन हा बूच बसू देत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे डॉ. अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये त्याचा मुरुमांवरील उपयोग दाखवला. १९७१ मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली. या इतिहासाला काळी बाजूही आहे. क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर अनेक वर्षे प्रयोग केले. त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय होते. विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने त्याबद्दल माफी मागितली ती थेट २०२१ मध्ये.

ट्रेटिनॉइन गुणकारी होते, पण त्वचेची आग करायचे. १९९६ मध्ये अमेरिकेत ॲडापॅलीन आले. ०.१ टक्के ॲडापॅलीनचा गुण ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइनइतकाच आणि जळजळ कमी. ट्रेटिनॉइन उजेडात निकामी होते, ॲडापॅलीन टिकते. १९९७ मध्ये टॅझरोटीन आले. ते जोरकस आहे, डागांवरही चांगले चालते, पण त्वचेला जास्त झोंबते.

आता डागांकडे वळू. आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेवर मुरूम बरा झाला तरी काळा डाग मागे राहतो. क्रीमने त्वचा भाजल्यासारखी झाली तर त्यानेही नवे डाग पडतात. म्हणून आपल्यासाठी सर्वांत कडक क्रीम सर्वांत चांगली ठरेलच असे नाही.

डागांसाठी १९७५ मध्ये क्लिगमन यांनीच हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण सुचवले. आज मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ‘तीन औषधांच्या’ क्रीम त्याच वंशातल्या. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे त्या उपयोगी पडतात. पण अनेकजण गोरेपणासाठी महिनोन्‌महिने लावतात. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते आणि मुरूम पुन्हा उसळतात. २०१८ मध्ये भारत सरकारने त्वचेवर लावायची स्टेरॉइड औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती याच गैरवापरामुळे.

तेव्हा मुरूम आणि डाग दोन्ही असतील तर डॉक्टरांना विचारून सहसा सौम्य रेटिनॉइडने सुरुवात करा. वाटाण्याएवढी क्रीम कोरड्या चेहऱ्यावर, एक रात्र सोडून, पातळ पसरा. वरून मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन लावा. सुरुवातीला मुरूम थोडे वाढल्यासारखे वाटतील, पण घाबरू नका. मुरुमांचा फरक कळायला ८ ते १२ आठवडे लागतात, डागांना त्याहून जास्त. गर्भवती असाल किंवा मूल होऊ देण्याचा विचार असेल तर ही औषधे लावू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

आणि घरातली जुनी ट्यूब आज एकदा वाचून पाहा. त्यावर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असे नाव असेल, तर त्यात स्टेरॉइड आहे. बरेच महिने लावत असाल तर ती एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.