पिलांचा पहिला घास

श्रोतेहो, तळ्यात मत्स्यबीज सोडले की मासळी हाती आली, असा पुष्कळांचा समज असतो. पण नुसत्या पेरणीने शेत पिकत नाही, हे तुम्हांस सांगावयास नको. माशांच्या बाबतीत हा धडा शिकावयाला नॉर्वेसारख्या दर्यावर्दी देशालाही फार वर्षे लागली. त्याचीच ही हकीकत.

१८८२ साली जी. एम. डॅनेविग नावाच्या जहाजाच्या कप्तानाने नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर फ्लोडेविगेन येथे कॉड माशांची अंडी उबविण्याचे केंद्र काढले. पिले समुद्रात सोडली की कोळ्यांची जाळी भरतील, हा त्याचा हिशेब. अंडी फुटत, पिलेही निघत. पण पिलू केवढे? चार-पाच मिलिमीटरचे! पोटाशी बलकाची शिदोरी, तीही आठवडाभराची. ती संपल्यावर इतक्या पिलांना काय चारावे? म्हणून शिदोरी असतानाच ती समुद्रात सोडून देत.

१८८६ साली डॅनेविगने काही पिले समुद्राच्या पाण्याच्या मोठ्या तळ्यात ठेवून पाहिली. त्यांतली काही चांगली वाढली. त्या पाण्यात बारीक जीव आयते होते, हे त्यामागचे मर्म. पुढे १९१४ साली योहान हियोर्ट या शास्त्रज्ञाने विचार मांडला, की शिदोरी संपताच पहिला घास मिळतो की नाही, यावरच त्या वर्षीच्या माशांचे भवितव्य ठरत असावे.

तो घास हाती कसा द्यावा? १९३९ साली नॉर्वेच्याच गुन्नार रोलेफ्सन यांनी वाट दाखविली. खाऱ्या सरोवरांत व मिठागरांत आर्टेमिया नावाचा कोळंबीच्या कुळातला बारीक जीव असतो. त्याची वाळलेली अंडी वर्षानुवर्षे टिकतात आणि खाऱ्या पाण्यात घातली की एक-दोन दिवसांत फुटतात. हे जिवंत खाद्य त्यांनी चपट्या प्लेस माशाच्या पिलांना चारले, आणि ती जगली.

पुढे उजेडाचे महत्त्व कळले. पिलू डोळ्यांनी भक्ष्य हेरते. अंधारात भोवती खाद्य असूनही ते उपाशी राहते. कॉडची पिले भरपूर उजेडात अधिक वाढतात, असे प्रयोगांत दिसले. हॅलिबटचे मात्र उलट. त्याची पिले पहिला महिनाभर अंधारात जपावी लागतात. खाण्याजोगी झाली की मग उजेड आणि खाद्य बरोबरच द्यावयाचे.

फ्लोडेविगेनला पिले सोडणे १९७१ पर्यंत चालले. त्याने समुद्रातला कॉड वाढला, असा पक्का पुरावा काही मिळाला नाही.

आपल्याकडे १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोचणी देऊन गोड्या पाण्यातील माशांची वीण घडवून आणली. बीज मिळू लागले; पण मत्स्यजिऱ्याला घास हवाच. म्हणून संगोपन तळ्यात आधी शेणखत घालून बारीक जीव वाढवतात, मग जिरे सोडतात, वरून भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड देतात. तेव्हा मंडळी, बीज आणण्याआधी पाणी तयार आहे ना, तेवढे पाहा. पाळणा हलविण्याआधी दुधाची सोय करावी लागते!