‘स्वयं प्रकृता’ : स्त्रीच्या आत्मसुखाविषयीं दोन शास्त्रें व एक खटला

स्त्रीच्या देहसुखाचा विचार आपल्या शास्त्रकारांनीं केला आहे काय, असें कोणीं विचारल्यास वात्स्यायनाचें नांव सर्वांस सुचतें. परंतु स्त्रीनें पुरुषावांचून, आपलें आपण मिळविलेल्या सुखाविषयीं जुने ग्रंथकार काय म्हणतात, हा प्रश्न वेगळा आहे. विषय नाजूक खरा. तथापि ज्या ग्रंथांचे पाठभेद आपण अक्षर अक्षर पाहून जुळवितों, त्यांतील कांहीं ओळींपाशींच डोळे मिटून घेणें संशोधकास शोभत नाहीं.

प्रथम कौटिल्य. श्यामशास्त्री यांनीं म्हैसुरास अर्थशास्त्र १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून त्यांतील सैन्य, कोश व हेर यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. चौथ्या अधिकरणाच्या बाराव्या अध्यायाकडे, म्हणजे कन्याप्रकर्माकडे, फारसें कोणी वळत नाहीं. प्रकर्म म्हणजे कौमार्यभंग. एका स्त्रीनें दुसरीचा कौमार्यभंग तिच्या संमतीनें केला, तर संमति देणारीस बारा पण दंड आणि करणारीस त्याच्या दुप्पट. संमति नसल्यास करणारीस शंभर पण दंड, शिवाय आपल्या रागाच्या तृप्तीसाठीं हें केलें म्हणून शुल्काची भरपाई. आणि जी ‘स्वयं प्रकृता’, जिनें हें आपल्याच हातानें केलें, ती राजाची दासी व्हावी.

बारा पणांवरून एकदम दास्य! ही उडी कां? आमचें अनुमान असें कीं, या अध्यायांत मोजमाप चाललें आहे तें मुख्यत्वें शुल्काचें. कन्येचें कौमार्य हें पित्याच्या घरचें एक मूल्य. तें परक्यानें बुडविलें तर परक्याकडून वसूल होतें. कन्येनें स्वतःच बुडविलें तर देणेंकरी तीच, आणि तिच्यापाशीं देहावांचून देण्यासारखें दुसरें कांहींच नाहीं. म्हणून देहच जप्त! या सूत्रांत पाप हा शब्द नाहीं, रोग हाही नाहीं. तिला सुख झालें किंवा तिच्या मनास स्वस्थता लाभली, याशीं सूत्रकारास कर्तव्य नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत कन्येनें कन्येस दूषित केल्यास दोनशें पण दंड, दुप्पट शुल्क व दहा फटके सांगितले आहेत, हिशेब तोच.

वात्स्यायनाकडे वळलें कीं हवा पालटते. कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणाच्या आरंभीं एक वाद आहे, तो आम्हांस साऱ्या ग्रंथाचा गाभा वाटतो. स्त्रीस पुरुषासारखें सुख होतें काय? औद्दालकि म्हणतो, होत नाहीं. तिची केवळ कंडू शमते. बाभ्रव्याचे अनुयायी म्हणतात, तिचें सुख आरंभापासून अखंड असतें. वात्स्यायन दोन्ही पक्ष ऐकून निर्णय देतो कीं, कर्ता व आधार हा भेद असला तरी दोघांची जाति एक, म्हणून सुखही सारखेंच. आणि दाखला देतो तो एकमेकांवर आदळणाऱ्या मेंढ्यांचा व झुंजणाऱ्या मल्लांचा. एखाद्या नैयायिकानें वाद चालवावा तशी ही शिस्त आहे. संस्कृताच्या वर्गांत या ग्रंथाचें नांव निघालें कीं मुलें खालीं माना घालून हसत. आंत असा तर्क आहे, याची वार्ता त्यांस कोठून असणार?

हा निर्णय ध्यानांत ठेवून पांचव्या अधिकरणांतील अंतःपुराचा अध्याय वाचावा. पहारा कडक, पति एक, राण्या अनेक. म्हणून त्या दाईच्या मुलीस, सखीस अथवा दासीस पुरुषवेष देऊन, किंवा कंद, मुळें, फळें व ‘अपद्रव्यें’ म्हणजे कृत्रिम साधनें यांच्या साहाय्यानें, आपली इच्छा पूर्ण करितात. लगेच पुढें कृपाळु राजे आपल्या मनांत भाव नसतांही तींच साधनें वापरून एका रात्रींत अनेकींचें समाधान करितात, असें सांगितलें आहे. (त्या राजांविषयीं आम्हांस थोडी करुणा वाटते.) स्त्री न मिळणाऱ्या पुरुषांच्या एकांतातील कृत्याचाही उल्लेख तेथेंच आहे. येथें दंड नाहीं, प्रायश्चित्त नाहीं, व्याधीचें भय नाहीं. मात्र हें स्त्रीस आपलें आपण हितकर, असेंही वात्स्यायन म्हणत नाहीं. त्याच्या दृष्टीनें तो पतीच्या अभावीं चालविलेला निर्वाह होय.

दोन्ही शास्त्रांतील या स्थळीं जें भय नव्हतें, तें पुढें युरोपांत वैद्यकाच्या नांवानें बळावलें. लोझान येथील वैद्य तिसो याचा फ्रेंच ग्रंथ १७६० सालीं निघाला व त्यानें एकांतातील या कृत्यास नाना रोगांचें मूळ ठरविलें. लंडनचा शस्त्रवैद्य आयझॅक बेकर ब्राउन १८६६ च्या ग्रंथांत स्त्रियांचा अपस्मार व उन्माद याच कारणानें होतो असें मानून भगशिश्निका कापून टाकण्याचा उपाय सांगूं लागला. १८६७ सालीं तेथील प्रसूतिवैद्यांच्या मंडळानें त्यास काढून टाकिलें. तेंही मुख्यतः स्त्रियांस व त्यांच्या पतींस न कळवितां शस्त्र चालविल्याच्या आरोपावरून. कौटिल्यानें कन्येचा देह राजास दिला, यानें तो सुरीखालीं दिला.

महाराष्ट्रांत या भयाशीं उघड झुंज घेतली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं. गणिताचे हे प्राध्यापक १९२७ च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढीत, आणि कामसुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच अधिकार आहे असें निःसंकोच लिहीत. हस्तमैथुनादि विषयांवर वाचकांच्या प्रश्नांस दिलेल्या उत्तरांवरून १९३४ सालीं मुंबईस त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील डॉ. भीमराव आंबेडकर. लोक ज्ञानासाठीं विचारतात. हें कोणास विकृति वाटत असेल तर तीही ज्ञानानेंच जाईल, तेव्हां उत्तर देणें प्राप्तच आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. न्यायालयास तो पटला नाहीं. दोनशें रुपये दंड झाला. कर्वे यांनीं मासिक १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, चालविलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या लैंगिक स्वास्थ्याच्या व्याख्येंत सुखकारक व निर्भय अनुभवाचा समावेश आहे. वाद त्या दिशेस सरकण्यास इतका काळ लागला.

वर आलेले साक्षीदार सगळे पुरुष आहेत, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. शास्त्रकार पुरुष, वैद्य पुरुष, संपादक, वकील व न्यायाधीशही पुरुष. स्वतः स्त्रीनें या विषयीं लिहिलेलें एखादें पत्र, वैद्यांच्या बाडांतील एखादी टिपणी, किंवा रतिशास्त्राच्या पोथीच्या समासांत स्त्रीहस्ताची एखादी ओळ कोणा संग्राहकापाशीं असल्यास त्यांनीं तें पान लाजेनें वेगळें न काढतां पोथीबरोबरच ठेवावें, आणि नक्कल मंडळाकडे पाठवावी. नांवगांव हवें तर झांकावें. मजकूर मात्र जसाच्या तसा असावा.