मधमाशीच्या घड्याळाची कुळकथा

स्वित्झर्लंडचे ऑग्युस्त फोरेल पेशाने मनोविकारतज्ज्ञ, पण त्यांचा जीव अडकलेला असे तो मुंग्यांत आणि माश्यांत. उन्हाळ्यात त्यांच्या घरची मंडळी सकाळची न्याहारी उघड्यावर करत. टेबलावर मुरांबा असे आणि मुरांब्यावर मधमाश्या येत. इथवर नवल काही नाही. मग एकदा हवा बिघडली, मंडळी घरात बसून खाऊ लागली, बाहेरचं टेबल रिकामं राहिलं. तरी न्याहारीच्या वेळेला माश्या त्या टेबलाशी हजर. गोडाचा वास नाही, माणसांची चाहूल नाही, तरीही. १९१० मध्ये फोरेल यांनी हे लिहून प्रसिद्ध केलं आणि मधमाशीला वेळेची आठवण असते, असं म्हटलं.

जर्मनीत ह्यूगो फॉन बुटेल-रीपेन यांनी त्याआधी, १९०० च्या सुमारास, असंच काही टिपलं होतं. कुट्टूच्या शेतात माश्यांची झुंबड उडे ती फक्त सकाळी, कारण त्या फुलांत मकरंद सुटतो तो सकाळीच. नंतर शेत तसंच फुललेलं असे, वासही दरवळत असे, पण माशी फिरकत नसे. दोघांचंही निरीक्षण चोख होतं. मात्र त्यातून काही सिद्ध होत नव्हतं. उन्हाची तिरीप, हवेतला ओलावा, ऊब, यांतल्या कशावरूनही माशी वेळ ओळखत असेल, असं कुणीही म्हणू शकलं असतं.

वेळ बाहेरून कळते की आतून, हा वाद झाडांपासून चालत आलेला. सिकंदराच्या आरमारातला अँड्रोस्थेनिस आजच्या बहारीन बेटावर उतरला, तेव्हा तिथल्या एका झाडाची पानं रात्री मिटतात अशी नोंद त्याने केली. अभ्यासकांच्या मते ते झाड आपल्या चिंचेचं. १७२९ मध्ये द मेरां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळू अंधारात कोंडून ठेवली. तिची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. त्याने अर्थ काढला तो असा, की झाडाला सूर्य न दिसताही जाणवतो. पुढे शंभर वर्षांनी द कांदोल यांनी लाजाळू अखंड उजेडात ठेवली, तेव्हा तिचा दिवस २२-२३ तासांवर आला. मला हा आकडा या सगळ्या कथेतला सर्वांत बोलका वाटतो. बाहेरून कुणी खूण देत असतं, तर ती चोवीस तासांनीच मिळाली असती. रोज तास-दोन तास पुढे सरकणारी वेळ झाडाच्या आतलीच असणार.

मधमाशीच्या बाबतीत हे दाखवायचं काम म्युनिकमध्ये इंगेबोर्ग बेलिंग या तरुण संशोधिकेने हाती घेतलं. तिचे गुरू कार्ल फॉन फ्रिश. माश्यांना क्रमांक देण्याची त्यांची साधी पद्धत होती: पाठीवर रंगाचा ठिपका. पांढरा म्हणजे एक, तांबडा म्हणजे दोन, निळा तीन, पिवळा चार, हिरवा पाच; ठिपक्याची जागा बदलली की आकडा बदलायचा. बेलिंगने अशा ठिपकेवाल्या माश्यांना काही दिवस ठरावीक वेळेलाच साखरपाणी दिलं. मग परीक्षेचा दिवस. बशी रिकामी ठेवायची आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेजारी बसून कोण केव्हा आलं ते लिहायचं. माश्या आल्या त्या बहुतांशी शिकवलेल्या वेळेलाच. काही तर थोड्या आधीच येऊन घुटमळल्या.

मग तिने एकेक खूण काढून घ्यायला सुरुवात केली. पोळं बंद खोलीत नेलं, दिवा अहोरात्र एकसारखा ठेवला, तापमान आणि दमटपणा स्थिर ठेवला. माश्या वेळेवर आल्या. दिवसातल्या दोन-तीन वेगवेगळ्या वेळाही त्यांना शिकवता आल्या. पण दर एकोणीस तासांनी खाणं देऊन पाहिलं, तर ते त्यांच्या गळी उतरेना. माशीला शिकता येतं ते चोवीस तासांच्या चौकटीतच, हे १९२९ च्या तिच्या निबंधातून स्पष्ट झालं. मागाहून ऑस्कर वाल यांनी माश्यांना मिठाच्या खाणीत खोल उतरवलं, म्हणजे वातावरणातली कुठलीही विद्युतखूण तिथे पोचायला नको. तिथेही त्या चुकल्या नाहीत.

तरी शंका घेणारे होते, आणि त्यांची शंका पोरकट नव्हती. अमेरिकेतले फ्रँक ब्राउन यांनी न्यू हेवनच्या किनाऱ्यावरचे कालव समुद्रापासून दूर इव्हान्स्टनला नेऊन अंधारात ठेवले. काही दिवस ते शिंपले आपल्या मूळ किनाऱ्याच्या भरती-ओहोटीप्रमाणे उघडत राहिले. पुढे त्यांची वेळ सरकली आणि चंद्र इव्हान्स्टनच्या माथ्यावर येण्याच्या वेळेशी जुळली. तिथे समुद्र नाहीच! ब्राउन म्हणाले, प्राण्यांना पृथ्वीच्या फिरण्याची काही सूक्ष्म खूण मिळते, जी कुठल्याही भिंतीतून आत येते. घड्याळ आत नसून बाहेर आहे. या म्हणण्याला बंद खोलीतला कुठलाच प्रयोग उत्तर देऊ शकत नव्हता. खोली कितीही बंद केली तरी ती पृथ्वीवरच राहणार.

उत्तर दिलं फ्रिश यांच्याच शाळेतल्या माक्स रेनर यांनी, १९५५ मध्ये. त्यांनी हुबेहूब सारख्या दोन खोल्या उभारल्या: एक पॅरिसमध्ये, दुसरी न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात. पॅरिसच्या खोलीत माश्यांना रोज ठरल्या वेळी साखरपाणी देऊन तयार केलं आणि एका रात्रीत विमानाने अटलांटिकपार नेलं. दोन शहरांच्या घड्याळांत पाच तासांचं अंतर. माशी बाहेरच्या खुणेवर चालत असेल, तर ती न्यूयॉर्कच्या वेळेप्रमाणे बाहेर पडेल. आतल्या घड्याळावर चालत असेल, तर पॅरिसच्या. न्यूयॉर्कच्या खोलीत माश्या बशीशी आल्या त्या पॅरिसच्या शेवटच्या जेवणानंतर बरोबर चोवीस तासांनी. उलट दिशेच्या प्रवासातही तेच झालं. प्रयोगासाठी विमान वापरायची कल्पना मला फार देखणी वाटते. पृथ्वीची खूण बंद करता येत नाही ना, मग प्राण्यालाच पृथ्वीवर सरकवा.

पण माशीला मुळात घड्याळ कशाला? कुट्टूचं शेत हे एक कारण झालं. त्याहून मोठं कारण तिच्या नाचात आहे. अन्नाची दिशा ती पोळ्यातल्या माश्यांना त्या नाचातून, सूर्याच्या संदर्भाने सांगते, आणि सूर्य तर तासाला सरासरी पंधरा अंश सरकतो. सकाळची दिशा दुपारी चालत नाही. काही माश्या पोळ्याच्या अंधारात तासन् तास नाचत राहतात. मधल्या वेळात त्यांनी सूर्य पाहिलेला नसतो, तरी त्यांच्या नाचाचा कोन हळूहळू बदलत जातो, बाहेर सूर्य जसा सरकतो तसा. ज्या प्राण्याला सूर्यावरून वाट काढायची, त्याला वेळ चुकून चालत नाही.

वेळ चुकू न देणं कीटकाला सोपं नाही, कारण त्याचं शरीर हवेबरोबर तापतं आणि गार पडतं, आणि शरीरातल्या रासायनिक क्रिया थंडीत मंदावतात. मग घड्याळही मंदावायला हवं. कॉलिन पिटेनड्रिग यांनी हा प्रश्न फळमाशीवर सोडवला. कोशातून फळमाश्या पहाटेच्या सुमाराला झुंडीने बाहेर पडतात. कोलोरॅडोच्या डोंगरात त्यांनी कोश प्रेशर कुकरमध्ये बंद करून ओढ्याच्या गार पाण्यात बुडवले. थंडीमुळे पहिली झुंड खूप उशिरा बाहेर आली, जणू घड्याळ खरंच मंदावलं होतं. पण पुढच्या दिवसाची झुंड जवळपास वेळेवर होती. १९५४ च्या त्यांच्या निबंधानंतर तापमानाला न जुमानणं ही अशा घड्याळाची ओळख ठरली.

घड्याळाचा पहिला सुटा भाग हाती आला तोही फळमाशीतच. कॅलिफोर्नियात सीमोर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत रॉन कोनोप्का या विद्यार्थ्याने रसायनाने माश्यांची जनुकं बिघडवून वेळा चुकलेल्या माश्या शोधल्या. त्याला तीन वाण मिळाले: एकाचा दिवस एकोणीस तासांचा, दुसऱ्याचा अठ्ठावीस तासांचा, तिसऱ्याला दिवसच नव्हता. तिन्ही बिघाड एकाच जागी निघाले. १९७१ मध्ये जाहीर झालेल्या त्या जनुकाला ‘पिरियड’ म्हणतात. त्याच्यापासून बनणारं प्रथिन रात्री साठत जातं, पेशीच्या केंद्रकात शिरून आपल्याच जनुकाचं काम थांबवतं, मग स्वतः मोडून जातं आणि जनुक पुन्हा सुरू होतं. या फेरीला साधारण एक दिवस लागतो. हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. कोनोप्का २०१५ मध्येच गेले होते. नोबेलच्या वर्षी त्यांचं नाव जितक्यांदा घेतलं जायला हवं होतं, तितकं घेतलं गेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

मधमाशीचा जनुकसंच २००६ मध्ये वाचला गेला, तेव्हा एक गंमत निघाली. तिच्यात ‘पिरियड’ आहे, पण घड्याळाचे काही भाग फळमाशीपेक्षा उंदराशी आणि माणसाशी अधिक जुळतात.

सगळ्या माश्यांचं वेळापत्रकही एक नाही. आपल्याकडची आग्या माशी चांदण्या रात्री मकरंद गोळा करायला निघते. भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांचा अभ्यास केला. तिथे एक जात दिवसा फिरते, दुसरी प्रामुख्याने दिवसा आणि चांदण्यात, आणि तिसरी अमावास्येच्या अंधारातही घरटं सोडून फुलांवर जाऊन परत येते.

मग पोळ्याच्या आतल्या अंधारात वेळ कोण सांगतं? मदुराईत एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याचा एक धागा वटवाघळांत मिळाला होता. खोल, काळोख्या गुहेत पिंजऱ्यात ठेवलेलं वटवाघूळ, बाकीचा थवा रोज संध्याकाळी बाहेर जाऊन परत येत असेल तोवर, त्या थव्याशी वेळ जुळवून राहायचं. एकटं पडलं की त्याचा दिवस आपल्या चालीने सरकू लागायचा. पोळ्यातही असंच दिसतं. उजेड न पाहिलेल्या कोवळ्या माश्यांची वेळ त्यांच्या वसाहतीशी जुळते.

या कथेतला आणखी एक भाग गाय ब्लॉख आणि जीन रॉबिन्सन यांच्या कामातून आला. पोळ्यातल्या तरुण माश्या अळ्यांना भरवतात, आणि अळ्या रात्री उपाशी राहू शकत नाहीत. म्हणून या दाया रात्रंदिवस, कुठलीही ठरलेली विश्रांती न घेता राबतात. त्यांच्यात दिवस-रात्रीचा फरक दिसत नाही. तीच माशी वयात आली, फुलांवर जाऊ लागली, की तिला पक्की वेळ येते. संशोधकांनी पोळ्यातल्या तरुण दाया काढून घेतल्या, तेव्हा बाहेर हिंडणाऱ्या काही वयस्क माश्या पुन्हा अळ्यांच्या सेवेला लागल्या, आणि त्यांची ठरलेली वेळ गळून पडली. आणि दाईचं काम करणारी माशी अळ्यांपासून वेगळी काढून एकटी ठेवली, की थोड्याच वेळात तिला दिवस-रात्र कळू लागते.